चतुर्थ कोटीच्या अरेषीय अवकल समीकरणांच्या होमोक्लिनिक आणि हेटरोक्लिनिक उकली संगणकावर कशा काढाव्यात

नाशिकमध्ये गणित घेऊन एम.एस्सी. करणारे विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय घेऊन अधूनमधून माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: उकल सुरुवातीला शहाण्यासारखी चालते, समतोल बिंदूजवळ पोहोचते आणि मग एकाएकी अनंताकडे उडून जाते. दोष संगणकाचा नसतो आणि आज्ञावलीचाही बहुधा नसतो. समतोल बिंदूपाशी उकल कशी वागणार आहे हे कागदावर ठरवण्याआधीच गणन सुरू केलेले असते. म्हणून या मार्गदर्शनात कागदावरचे काम आधी आहे आणि ते जास्त आहे.

चिन्हे देवनागरीत लिहितो. चल क्ष, फलन य, त्याचे अवकलज य′, य″, य‴, य⁗ आणि प्राचल क. ज्या समीकरणावर आपण काम करणार आहोत ते असे:

य⁗ + क य″ + य³ − य = ०

क ऋण असताना हे विस्तारित फिशर–कोल्मोगोरोव्ह समीकरणाचे स्थिर रूप असते, ज्याचा अभ्यास डी आणि व्हान सार्लोस यांनी १९८८ मध्ये द्विस्थिर संहतींच्या संदर्भात केला. क धन असताना, योग्य प्रमाणबदलानंतर, १९७७ च्या स्विफ्ट–होहेनबर्ग समीकरणाचे स्थिर रूप याच साच्यात बसते. चौथा अवकलज तुळईच्या वाकण्यातूनही येतो, त्यामुळे झुलत्या पुलावरील प्रवासी तरंगांची समीकरणेही याच कुळातील आहेत. मूळ समीकरण −ग य⁗ + य″ + य − य³ = ० असे दिलेले असेल, तर क्ष ला ग च्या चतुर्थमूळाने मोजावे, म्हणजे क = −१/√ग मिळतो. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण संशोधन-लेखांमध्ये कोणी ग वापरतो, कोणी क वापरतो, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की आठवडा वाया जातो.

समतोल बिंदू तीन आहेत: −१, ० आणि १. क्ष −∞ कडे जाताना −१ ला आणि +∞ कडे जाताना १ ला पोहोचणारी उकल हेटरोक्लिनिक. दोन्ही टोकांना एकाच बिंदूला, समजा १ ला, पोहोचणारी पण मधे त्याच्यापासून दूर जाऊन येणारी उकल होमोक्लिनिक. येथे एक गोष्ट मनात पक्की करावी. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या आपल्याकडे सर्वांना माहीत आहे: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. आपला समतोल बिंदू याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. (य, य′, य″, य‴) या चार मितींच्या अवकाशात १ या बिंदूकडे जाणाऱ्या अवस्थांचा केवळ दोन मितींचा पृष्ठभाग असतो. बाकी जवळजवळ प्रत्येक अवस्था त्याच्या जवळून जाऊन निसटते. त्र्यंबकच्या डोंगररांगेवर पडणाऱ्या पावसाचे थोडे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जाते, थोडे वैतरणेतून अरबी समुद्राकडे, आणि नेमक्या धारेवर टिकून राहणारा थेंब विरळाच. आपल्याला तो विरळा थेंब शोधायचा आहे.

पहिले काम समतोल बिंदूपाशी मुळे काढण्याचे. य = १ + व असे मांडून व चे वर्ग आणि घन टाकून दिले की व⁗ + क व″ + २व = ० उरते. त्यात घातांकी फलन घातले की म⁴ + क म² + २ = ०, म्हणजे

म² = (−क ± √(क² − ८)) / २

येथे √८ ही उंबरठ्याची संख्या आहे. क ≤ −√८ असेल तर चारही मुळे वास्तव असतात आणि शेपूट, म्हणजे उकलीचा समतोल बिंदूकडे जाणारा शेवटचा भाग, सरळ उतरते. क हा −√८ आणि √८ यांच्या दरम्यान असेल तर चारही मुळे संमिश्र, ±अ ± ब·√(−१) या रूपाची असतात, आणि शेपूट आंदोलन करत उतरते. क ≥ √८ असेल तर मुळे शुद्ध काल्पनिक होतात, उतार उरतच नाही, आणि या पद्धतीचा उपयोग संपतो. ग च्या भाषेत पहिला उंबरठा ग = १/८ येथे येतो. पेलेटिअर आणि ट्रॉय यांनी १९९५ मध्ये दाखवले की ग ≤ १/८ असताना −१ ते १ जाणारी एकदिश, म्हणजे सतत वाढतच जाणारी, उकल असते. या बाजूला चित्र साध्या द्वितीय कोटीच्या समीकरणासारखेच राहते, आणि १ ला होमोक्लिनिक उकल शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. उंबरठा ओलांडला की मात्र −१ आणि १ यांच्यामध्ये अनेक फेऱ्या मारणाऱ्या अनंत उकली निर्माण होतात. कॅलीज, क्वापिश आणि व्हॅन्डरव्होर्स्ट यांचे १९९८ चे काम त्यांच्याविषयी आहे. तेव्हा ‘उकल काढा’ हा प्रश्न क ची किंमत पाहिल्याशिवाय अपुरा आहे: एका बाजूला एकच उकल, दुसऱ्या बाजूला ‘कोणती?’ असे विचारावे लागते.

संमिश्र पट्ट्यात अ आणि ब काढणे सोपे आहे, कारण अ² + ब² = √२ आणि अ² − ब² = −क/२. क = −१ घेऊन हाताने करून पाहावे: अ² = (१.४१४२ + ०.५)/२ = ०.९५७१, म्हणून अ = ०.९७८३; ब² = ०.४५७१, म्हणून ब = ०.६७६१. शेपूट १ या रेषेला दर π/ब = ४.६५ अंतराने छेदते, आणि तेवढ्या अंतरात तिची उंची e च्या −४.५५ व्या घाताने, म्हणजे ०.०१०६ पटीने घटते. प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या सुमारे चौऱ्याण्णवाव्या हिश्श्याची असते. आलेखावर त्यामुळे फक्त पहिला फुगवटा दिसतो आणि पुढची रेषा सपाट वाटते. ती सपाट नसते. हे आकडे बाजूला लिहून ठेवावेत, पुढे त्यांचाच साक्षीदार म्हणून उपयोग होणार आहे.

दुसरे काम ऊर्जेचे. समीकरणाला य′ ने गुणून एकदा समाकलन केले की

ऊ = य′य‴ − ½ य″² + (क/२) य′² + ¼ (य² − १)²

ही राशी कोणत्याही उकलीवर स्थिर राहते असे दिसते. अवकलन करून स्वतः पडताळून पाहावे, दोन ओळींचे काम आहे. −१ आणि १ या दोन्ही ठिकाणी ऊ शून्य असल्यामुळे आपल्या सर्व उकलींवर ऊ = ० असते. याचा मोठा फायदा असा की चार मितींतून आपण तीन मितींच्या पृष्ठावर येतो, आणि तेथे −१ पासून निघणारा दोन मितींचा पृष्ठभाग व १ कडे जाणारा दोन मितींचा पृष्ठभाग सर्वसाधारणपणे एका वक्रात छेदतात. म्हणून क ला नेमक्या किमतीवर आणून ठेवण्याची गरज पडत नाही. उकली क च्या संपूर्ण पट्ट्यावर टिकतात. अशा छेदांमधून होणारी गुंतागुंत प्वांकारे यांना १८९० च्या सुमारास त्रि-पिंड प्रश्नात दिसली होती, आणि संमिश्र मुळांच्या स्थितीत एक आडवा छेद मिळाला की त्याच्याजवळ अनंत गुंता असतो, हे हॅमिल्टनीय संहतींसाठी डेव्हनी यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले.

आता संगणकाकडे वळू. पायथॉनमधील सायपाय या संचात आणि मॅटलॅबमध्ये सीमा-मूल्य प्रश्न सोडवणाऱ्या तयार आज्ञा आहेत, त्या पुरेशा आहेत. पण आपली आज्ञावली बरोबर चालते की नाही हे आधी उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर तपासावे. त्यासाठी मी हे समीकरण वापरतो:

य⁗ − (५/२) य″ + य − य³ = ०

याची य = √(१५/८) · सेकएच²(क्ष/√८) ही शून्याला होमोक्लिनिक असलेली अचूक उकल आहे. पडताळा हाताने करता येतो. स = सेकएच²(ट क्ष) घेतले तर स″ = ४ट²स − ६ट²स² आणि स⁗ = १६ट⁴स − १२०ट⁴स² + १२०ट⁴स³. य = आ·स समीकरणात घालून स, स² आणि स³ यांचे गुणक वेगवेगळे शून्य केले की स² वरून य″ चा गुणक −२०ट² असावा लागतो, स वरून ६४ट⁴ = १, आणि स³ वरून आ² = १२०ट⁴ = १५/८. म्हणजे ट² = १/८ आणि य″ चा गुणक −५/२, जसा आपण घेतला तसाच. संगणकाने शिखराची उंची १.३६९३ दिली पाहिजे. एक सावधगिरी: य = ० हीसुद्धा या सीमा-मूल्य प्रश्नाची उकल आहे, आणि सुरुवातीचा अंदाज फार बुटका दिला तर न्यूटनची पद्धत खुशाल शून्यावर जाऊन बसते आणि ‘यशस्वी’ असा शेरा देते.

मूळ प्रश्नात −१ ते १ जाणारी विषम उकल हवी आहे, म्हणून संपूर्ण रेषेऐवजी ० ते ल हा अंतराल पुरतो. डाव्या टोकाला य(०) = ० आणि य″(०) = ०. उजव्या टोकाला काय लिहावे, यातच बहुतेकांची गफलत होते. य(ल) = १ आणि य′(ल) = ० असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास त्या टोकाला ऊ = −½ य″(ल)² होते, म्हणजे ऊर्जा शून्य राहत नाही आणि आपण शेजारच्याच एखाद्या उकलीवर जाऊन बसतो. योग्य अट अशी की ल पाशी उकल उतरत्या मुळांच्या अवकाशात असावी. व = य − १ घेतल्यास ती अट दोन ओळींत मावते:

व″ + स व′ + √२ व = ०
व‴ + स व″ + √२ व′ = ०

येथे स म्हणजे दोन उतरत्या मुळांच्या बेरजेची ऋण किंमत (वरच्या पडताळ्यातील स शी तिचा संबंध नाही), आणि स = √(२√२ − क). हे सूत्र मला फार आवडते, कारण मुळे वास्तव असोत की संमिश्र, ते बदलत नाही. क = −४ असताना मुळे १.८४८ आणि ०.७६५, बेरीज २.६१३, आणि √६.८२८ सुद्धा २.६१३; क = −१ असताना २अ = १.९५७ आणि √३.८२८ सुद्धा १.९५७. उंबरठा ओलांडताना आज्ञावलीत काहीही बदलावे लागत नाही. वरच्या चाचणी-समीकरणासाठी याच अटींत √२ च्या जागी १ आणि स = √४.५ = २.१२१३ घालावे, व ऐवजी य घ्यावा, आणि ती उकल सम असल्यामुळे डावीकडे य′(०) = य‴(०) = ० ठेवावे.

ल किती घ्यावा? शेपूट १० च्या −८ व्या घाताइतकी बारीक व्हावी असे ठरवले तर ल ला सर्वांत मंद उतरत्या मुळाने गुणून १८.४ यायला हवेत. क = −४ ला ते २४ येते, क = −१ ला १९; दोन्हींसाठी २५ घ्यावे. क = २ ला अ केवळ ०.४५५ असतो आणि ल ४० च्या पुढे जातो, हे विसरून जुनाच ल ठेवला की निकाल बिघडतात.

सुरुवातीचा अंदाज म्हणून क = −४ ला य = टॅनएच(क्ष/√८) द्यावा. सर्वसाधारणपणे टॅनएच(क्ष/√(−२क)) हा चौथा अवकलज वगळून मिळणाऱ्या द्वितीय कोटीच्या समीकरणाची अचूक उकल आहे, त्यामुळे क खूप ऋण असताना तो खऱ्या उकलीच्या अगदी जवळ असतो. एकदा क = −४ ला उकल बसली की क ०.१ ने वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी मागची उकल हाच पुढचा अंदाज मानावा. क = −१ पर्यंत हा प्रवास काही सेकंदांत होतो. यालाच सातत्य पद्धत म्हणतात. धन क कडे जाताना एखादी शाखा मागे वळली तर साधे पाऊल अडते, आणि तेथे वक्राच्या लांबीवर पाऊल टाकणारी पद्धत लागते. ऑटो या प्रणालीतील होमकॉन्ट हा भाग त्यासाठीच आहे.

ज्यांना शूटिंग पद्धतच (एका टोकाच्या अज्ञात किमती अंदाजाने धरून दुसऱ्या टोकाकडे गणन करत जाण्याची) वापरायची आहे त्यांनी निदान ऊर्जेचा उपयोग करावा. क्ष = ० येथे य = य″ = ० असल्याने ऊ = ० वरून य‴(०) = −(क/२)·य′(०) − १/(४·य′(०)) मिळते, आणि दोन अज्ञातांऐवजी एकच, सुरुवातीचा उतार, उरतो. तरीही मर्यादा राहतेच: क = −१ ला चूक e च्या ०.९७८·क्ष व्या घाताने वाढते, म्हणून सोळा अंकी अचूकतेतली शेवटच्या अंकाची चूक क्ष = ३८ च्या आत संपूर्ण उकल गिळून टाकते. विद्यार्थ्यांची ‘उडणारी’ उकल ती हीच.

आता मघाचे साक्षीदार बोलवावेत. क = −१ च्या उकलीत य − १ चे शून्यबिंदू छापावेत; पहिला फुगवटा ओलांडल्यावर त्यांच्यातील अंतर ४.६५ आले पाहिजे आणि लागोपाठच्या टोकांचे गुणोत्तर ०.०१०६ च्या जवळ. तिसरे टोक पहिल्याच्या दहा-हजारांशाइतके असल्याने सहिष्णुता (गणनात चालवून घेतली जाणारी चूक) १० च्या −९ व्या घाताच्या आसपास ठेवावी, नाहीतर तेथे उकलीऐवजी गणनाचा आवाज मोजला जातो. आलेख छान दिसतो म्हणून उकल बरोबर आहे, हा युक्तिवाद मी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत मान्य करत नाही.

मनाजोगती एक उकल मिळाली की बाकीच्या तिच्यातूनच घडवता येतात. मिळालेल्या उकलीला ट(क्ष) म्हणू (सेकएच मधल्या ट शी याचा संबंध नाही). ट(क्ष − द)·ट(क्ष + द) हा गुणाकार सम आहे, दोन्ही टोकांना १ आहे आणि मधे −१ च्या जवळ उतरतो: १ ला होमोक्लिनिक असलेल्या उकलीसाठी हाच अंदाज द्यावा, आणि डावीकडच्या अटी य′(०) = ०, य‴(०) = ० अशा कराव्यात. ट(क्ष − द)·ट(क्ष)·ट(क्ष + द) हा विषम आहे आणि −१ पासून १, पुन्हा −१, पुन्हा १ असा जातो. त्याच्यासाठी अटी पूर्वीच्याच. द ची किंमत २ पासून ८ पर्यंत पाव-पावने बदलून प्रत्येक वेळी न्यूटन चालवावे. सगळे द चालत नाहीत. दोन संक्रमणांच्या, म्हणजे −१ आणि १ यांच्यामधल्या दोन उड्यांच्या, शेपट्या एकमेकींत योग्य ठेक्यावर मिसळल्या तरच उकल बसते, आणि असे ठेके सुमारे π/ब अंतराने येतात; म्हणजे होमोक्लिनिक उकलींच्या बाबतीत क = −१ ला शिखरांमधले नव्हे, संक्रमणांमधले अंतर २द दर वेळी ४.६५ च्या आसपास वाढलेले दिसावे. दूरच्या ठेक्यांवर शेपट्यांची पकड फार क्षीण असते, त्यामुळे ल आणि सहिष्णुता दोन्ही कडक ठेवाव्या लागतात. हाच प्रयोग क = −३.५ ला करून पाहण्यासारखा आहे: शेपूट आंदोलनच करत नसल्याने पकडायला ठेका नसतो, आणि अंदाजातील दोन संक्रमणे जागी राहत नाहीत.

सममिती नसलेल्या उकलींसाठी संपूर्ण रेषा घ्यावी लागते, आणि तेथे मी स्वतः चांगलाच फसलो होतो. −ल ते ल या अंतरालावर दोन्ही टोकांना दोन-दोन अटी लिहून मी गणन सुरू केले, आणि प्रत्येक पुनरावृत्तीत उकल थोडी थोडी उजवीकडे सरकत शेवटी टोकाला जाऊन चिकटली. संध्याकाळभर मी जाळी बारीक करत बसलो. कारण साधे होते: समीकरणात क्ष स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे कोणतीही उकल सरकवली तरी ती उकलच राहते, आणि न्यूटनच्या पद्धतीला कुठे थांबावे हे कळत नाही. उपाय असा की पाचवी अट म्हणून मागच्या उकलीच्या अवकलजाचा आणि नव्या-जुन्या उकलींच्या फरकाचा गुणाकार समाकलित करून तो शून्य ठेवावा, आणि अटी पाच झाल्या म्हणून समीकरणात घ·य′ हे घर्षणाचे पद घालून घ ला अज्ञात मानावे. आता ऊर्जेचा अवकलज −घ·य′² होतो, आणि दोन्ही टोकांना ऊर्जा शून्य असल्यामुळे घ ला शून्याखेरीज पर्यायच नसतो. संगणकाने घ ची किंमत १० च्या −१० व्या घाताच्या आसपास दिली तर उकलीवर विश्वास ठेवावा, ०.००१ दिली तर ल, जाळी आणि टोकाच्या अटी याच क्रमाने तपासाव्यात. ल दीडपट करून आणि जाळी दुप्पट बारीक करून पुन्हा चालवल्यावर संक्रमणांची स्थाने सहाव्या दशांशापर्यंत हलली नाहीत, की मगच ती उकल तक्त्यात क, ल, द आणि घ यांच्या किमतींसह नोंदवावी.